पडद्यावरचा एव्हरेस्ट, गच्चीवरचा सिंहगड

संगणकाच्या पडद्यावर डोंगर चढण्याची सोय आता नवी राहिलेली नाही. मार्च २०१३ मध्ये गूगलने आपल्या नकाशांत किलिमांजारो, एल्ब्रुस आणि आकोंकाग्वा या शिखरांवरची, तसेच एव्हरेस्टच्या दक्षिण पायथ्याच्या तळावरची छायाचित्रे घातली. ही छायाचित्रे चारी दिशांना फिरवून पाहता येतात. मार्च २०१५ मध्ये अपा शेर्पा यांच्या मदतीने खुंबू खोऱ्यातल्या वाटा आणि गावे त्यात आली. जानेवारी २०१६ मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँची भर पडली. डेव्हिड ब्रेशिअर्स या गिर्यारोहक छायाचित्रकाराच्या ग्लेशियरवर्क्स या संस्थेनेही २०१३ मध्येच एव्हरेस्ट परिसरातील हिमनद्यांविषयी असे एक संकेतस्थळ तयार केले होते. आणि उपग्रहाने घेतलेले चित्र डोंगराच्या आकारावर पांघरून दाखवणारे गूगल अर्थ तर बहुतेक शाळांच्या संगणक कक्षात पोचलेले आहे.

भूगोलाच्या तासाला या सोयी वापरणारे शिक्षक आता बरेच आहेत, आणि ते योग्यच आहे. पण प्रयोगशाळेत नवे उपकरण आले की आपण त्याची परीक्षा घेतो. ते काय दाखवते, किती अचूक दाखवते, कुठे फसवते, हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबत नाही. पडद्यावरच्या डोंगराला मात्र आपण ही परीक्षा लावत नाही. चित्र इतके सुंदर असते की ते खरेच असणार असे वाटते. या लेखात ती परीक्षा घ्यायची आहे. कसोटी एकच: "हे आपल्याला कसे कळले?" या प्रश्नाकडे हे साधन विद्यार्थ्याला नेते की नाही?

जे चांगले आहे ते

आधी जमेची बाजू पाहू. एव्हरेस्टच्या तळावरचे चित्र मुलांना उघडून द्या आणि एवढेच सांगा, "यात एव्हरेस्टचे शिखर शोधा." मुले चित्र गरागरा फिरवतात, वर पाहतात, खाली पाहतात. शिखर सापडत नाही! कारण तळावरून ते दिसतच नाही, एव्हरेस्टचाच पश्चिम खांदा ते झाकून टाकतो. डोंगराच्या अगदी पायथ्याशी गेले की माथा दिसेनासा होतो ही गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या त्रिकोणी आकृतीवरून कधीच कळत नाही. इथे ती दोन मिनिटांत कळते.

आणखी एक लक्षात आणून द्यावे. हा तळ सुमारे ५,३६४ मीटरवर आहे, म्हणजे शिखर त्याच्याही वर साडेतीन हजार मीटर आहे. २०१३ च्या त्या संचात बाकी तीन डोंगरांचे माथे होते, पण एव्हरेस्टचा फक्त तळ होता. "आम्ही एव्हरेस्ट चढलो" असे वर्गात कोणी म्हणाले, तर हे जरूर सांगावे.

ब्रेशिअर्स यांच्या कामातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे छायाचित्रांच्या जोड्या. १९२१ च्या मोहिमेत जॉर्ज मॅलरी यांनी रोंगबुक हिमनदीचे छायाचित्र घेतले होते. २००७ मध्ये ब्रेशिअर्स नेमके त्याच जागी उभे राहिले आणि त्यांनी तेच दृश्य पुन्हा टिपले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की हिमनदीची जाडी शंभर मीटरच्या आसपास घटलेली दिसते. या जोडीत जागा ठाऊक आहे, तारखा ठाऊक आहेत, आणि काय बदलले ते विद्यार्थी स्वतः शोधू शकतो. हे सुंदर दृश्य आहे आणि पुरावाही आहे. दुर्दैवाने बहुतेक परस्परसंवादी डोंगर या पातळीवर येत नाहीत.

तानाजीचा कडा जिना कसा झाला

एकदा नववीच्या काही मुलांना मी पडद्यावर सिंहगड दाखवत होते. गड फिरवून आम्ही डोणागिरीच्या कड्याच्या बाजूला आलो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे जिथून चढले तोच हा कडा. एक मुलगी पडद्याकडे बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "ताई, इथून तर कोणीही चढेल की!"

तिचे चुकले नव्हते. पडद्यावर जे दिसत होते ते तिने प्रामाणिकपणे सांगितले. चूक चित्रात होती, आणि ती कशी होते हे समजून घेण्यासारखे आहे.

अशा चित्रामागे उंचीच्या आकड्यांची एक जाळी असते. उदाहरणार्थ, फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. जगभरच्या पुष्कळ नकाशांना ही मोजणी पायाभूत ठरली. तिच्यातली जाळी ३० मीटरची होती, पण अमेरिकेबाहेरच्या प्रदेशांसाठी अनेक वर्षे ९० मीटरचीच जाळी सर्वांना खुली होती. जाळीच्या दोन बिंदूंमध्ये काय आहे हे संगणकाला ठाऊक नसते. तो दोन्ही बिंदू सरळ रेषेने जोडून टाकतो.

आता समजा, ६० मीटर उंचीचा एक सरळसोट कडा आहे. जाळीचा एक बिंदू कड्याच्या माथ्यावर पडला आणि पुढचा पायथ्याशी. दोन्ही बिंदूंत ९० मीटर अंतर असेल, तर संगणक काढील तो उतार फक्त ३४ अंशांचा. आपल्या घरातल्या जिन्याचा उतार साधारण एवढाच असतो! जाळी ३० मीटरची असली तर उतार ६३ अंशांचा होतो. तोही चांगलाच उभा, पण कडा नव्हे. शिवाय उंच कड्याच्या आड रडारच्या लहरी पोचत नाहीत, तिथे मोजणीत भोके राहतात आणि ती शेजारच्या आकड्यांवरून अंदाजाने भरली जातात. म्हणजे डोंगर जिथे सर्वांत अवघड तिथेच चित्र सर्वांत कच्चे. नव्या आणि बारीक मोजण्यांनी काही ठिकाणी हा दोष कमी होतो, पण आपण पाहतो आहोत त्या जागी तो कमी झाला आहे की नाही हे चित्र सांगत नाही.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये डोंगरांची उंची कमी-जास्त फुगवून दाखवण्याची सोय आहे. तो आकडा एकवर आहे ना ते आधी पाहावे, नाहीतर पर्वतीचासुद्धा सुळका होतो. दुसरे म्हणजे, पडद्याच्या कडेला दिसणारा उंचीचा आकडा मीटरपर्यंत नेमका असतो. बाण जरा हलवला की तो बदलतो, त्यामुळे फार अचूक वाटतो. पण वर सांगितलेल्या रडार मोजणीत १६ मीटरपर्यंतची चूक मान्य धरलेली होती. विद्यार्थ्याने वहीत "१,२९७ मीटर" असे लिहिले, तर त्यातल्या शेवटच्या आकड्याला काय अर्थ आहे हे त्याला विचारायला हवे.

न चढता मोजलेले शिखर

इथे कोणी म्हणेल, "मग पडदा बंद करा आणि मुलांना डोंगरावर न्या." मला ते अर्धेच पटते. दुरून मिळालेले ज्ञान कमी दर्जाचे आणि चढून मिळालेले खरे, असे विज्ञानात नसते. एव्हरेस्टचाच इतिहास पाहा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला नेपाळमध्ये प्रवेश नव्हता. सर्वेक्षकांनी सपाट तराईतल्या ठाण्यांवरून दूरवरच्या शिखरांचे कोन मोजले. शिखर क्रमांक १५ हे त्यांतले एक. त्याला सर्वांत जवळचे ठाणे सुमारे १७४ किलोमीटर दूर होते. सर्वेक्षणातले मुख्य गणक राधानाथ सिकदार यांनी १८५२ मध्ये या निरीक्षणांवरून हिशेब केला आणि हे जगातले सर्वांत उंच शिखर असल्याचे निघाले. १८५६ मध्ये जाहीर झालेली उंची होती २९,००२ फूट, म्हणजे ८,८४० मीटर. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. फरक जेमतेम नऊ मीटरांचा! पहिला माणूस शिखरावर पोचण्याच्या शंभर वर्षे आधी, पायथ्याशीही न जाता, हे जमले.

यात खरी अडचण पृथ्वीच्या गोलपणाची होती. दूरची वस्तू पृथ्वीच्या वक्रतेमुळे किती खाली जाते हे काढायला एक सोपे सूत्र आहे. अंतराच्या वर्गाला पृथ्वीच्या व्यासाने भागायचे. १७४ चा वर्ग भागिले १२,७४२, उत्तर येते सुमारे २.३८ किलोमीटर. म्हणजे वक्रतेचा विचार केला नसता तर एव्हरेस्ट जवळजवळ २,४०० मीटरनी ठेंगणा ठरला असता. त्यात हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे शिखर थोडे वर उचलल्यासारखे दिसते. ती चूक उलट दिशेची. सर्वेक्षणाचे खरे कौशल्य या दुरुस्त्यांमध्ये होते.

पडद्यावरचा एव्हरेस्ट आणि सिकदारांचा एव्हरेस्ट, दोन्ही दुरूनच पाहिलेले. फरक असा की एकात उत्तर आयते हातात पडते आणि दुसऱ्यात ते प्रश्नापासून सुरुवात करून, चुका मोजत मोजत, काढलेले असते. विज्ञान शिकवायचे ते दुसऱ्या प्रकाराने.

कर्वेनगरच्या गच्चीवरून

सुदैवाने आपल्याकडे त्यासाठी डोंगर आहे. कर्वेनगर, म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक, इथल्या एखाद्या उंच गच्चीवरून ऑक्टोबरमधल्या स्वच्छ सकाळी दक्षिणेकडे, किंचित नैऋत्येला पाहा. मनोरा असलेला सिंहगड दिसतो. सरळ रेषेत तो सुमारे १५ किलोमीटरवर आहे. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर आणि आपली गच्ची सुमारे ५७० मीटर. वक्रता आणि वक्रीभवन धरून हिशेब केला तर गडाचा माथा क्षितिजाच्या पातळीपेक्षा सुमारे पावणेतीन अंश वर दिसायला हवा.

आता हाच हिशेब तराईतल्या सर्वेक्षकांसाठी करा. १७४ किलोमीटरवरून त्यांना एव्हरेस्ट किती उंच दिसला असेल? जेमतेम सव्वादोन अंश. याचा अर्थ, कर्वेनगरातून आपल्याला सिंहगड जेवढा उंच दिसतो तेवढासुद्धा एव्हरेस्ट त्यांना दिसला नव्हता! जगातल्या सर्वोच्च शिखराचा शोध ज्या कोनावरून लागला त्यापेक्षा मोठा कोन आपल्या मुलांना रोज गच्चीवरून फुकट मिळतो.

तो मोजायचा कसा? कंपासपेटीतला कोनमापक आणि ओळंबा घेऊन मोजायला मुलांना आवडते, पण अर्ध्या अंशाची चूक सहज होते आणि १५ किलोमीटरवर अर्धा अंश म्हणजे १३० मीटर. त्याऐवजी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. तिच्या साहाय्याने एक मीटर लांबीची पट्टी अगदी आडवी बसवा. पट्टीच्या दूरच्या टोकाला मिलिमीटरच्या खुणांची दुसरी पट्टी उभी करा. जवळच्या टोकाशी डोळा नेऊन गडाचा माथा उभ्या पट्टीवर कितव्या खुणेशी दिसतो ते वाचा. मनोऱ्याचे टोक धरायचे नाही, माथ्याची कड धरायची.

याचे गणित फार सोपे आहे. एक मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे १५ किलोमीटरवर १५ मीटर. वाचन ४८ मिलिमीटरच्या आसपास यायला हवे. पृथ्वीच्या गोलपणाचा परिणाम इथे फक्त एक मिलिमीटर आहे. तराईतून एव्हरेस्टकडे हीच पट्टी रोखली असती तर तो जवळजवळ १४ मिलिमीटर झाला असता. सिकदारांना वक्रतेची दुरुस्ती का टाळता आली नाही आणि आपल्याला ती का टाळता येते, हे मुलांना एका आकड्यात कळते.

तीस मुलांनी तीस वेळा मोजू द्या. सगळी वाचने फळ्यावर लिहा, चुकीची वाटतील तीही. सरासरी काढा. मग पट्टी मुद्दाम किंचित कलती ठेवून पुन्हा मोजा. सरासरी कितीही वेळा काढली तरी ही दुसरी चूक जात नाही, हे त्यांना दिसेल. यादृच्छिक चूक आणि पद्धतशीर चूक यांतला फरक पुढे महाविद्यालयात व्याख्येने शिकवला जातो. तो इथे हाताने शिकता येतो.

चौकस मूल विचारील, "पण १५ किलोमीटर हे कुठून आले? ते तर नकाशातूनच घेतले ना?" असा प्रश्न आला तर तास सार्थकी लागला असे समजावे. मग कर्वेनगर आणि वारजे इथल्या, एकमेकींना दिसतील अशा दोन गच्च्या निवडायच्या. त्यांच्यातले अंतर सुमारे दोन किलोमीटर असले की पुरे. दोन्ही टोकांवरून पायारेषा आणि गड यांतला कोन मोजायचा, कागदावर त्रिकोण काढायचा आणि गडाचे अंतर स्वतः काढायचे. मग पडद्यावरचा आकडा उघडायचा. आता तो आकडा मुलांच्या मोजणीशी तुलना करण्याची एक मोजणी असतो. तुमच्या गावातून सिंहगड दिसत नसेल तर दुसरा एखादा डोंगर, टेकडी किंवा पाण्याची टाकीसुद्धा चालेल.

चढल्याशिवाय न कळणारे

दुरून सगळेच कळते असेही नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब किती असेल? प्रमाण वातावरणाच्या सूत्रावरून तो पाऱ्याच्या २३६ मिलिमीटर एवढा येतो. ऑक्टोबर १९८१ मध्ये जॉन वेस्ट यांच्या वैद्यकीय संशोधन मोहिमेतले डॉक्टर ख्रिस पिझो शिखरावर पोचले आणि त्यांनी दाबमापकावर वाचन घेतले. ते होते २५३ मिलिमीटर. प्रमाण वातावरणाचे सूत्र मध्यम अक्षांशांच्या सरासरीवर बेतलेले आहे. विषुववृत्ताच्या बाजूला वातावरण अधिक जाड असते आणि एव्हरेस्ट २८ अंश उत्तरेला आहे. हे १७ मिलिमीटर क्षुल्लक नाहीत. तेवढ्या उंचीवर माणूस जगण्याच्या अगदी काठावर असतो. मेस्नर आणि हाबेलर १९७८ मध्ये कृत्रिम प्राणवायूशिवाय माथ्यावर पोचू शकले, त्यात या जास्तीच्या दाबाचा वाटा आहे.

पडद्यावरच्या चढाईत सर्वांत आधी गळते ते हेच. प्रत्येक बाणाला बोटाचा एकच टिचका लागतो, मग वाट सपाट असो की खडी. दम लागत नाही, थंडी वाजत नाही, आणि दाब कमी झाल्याची काहीच खूण उरत नाही.

ही खूण सिंहगडावर मिळते. प्रयोगशाळेतला तापमापक, छोटी शेगडी आणि भांडे घेऊन मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली पाणी उकळा. कर्वेनगरात ते सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते, गडावर साडेपंच्याण्णवच्या आसपास. अडीच अंशांचा हा फरक शाळेच्या तापमापकावर सहज वाचता येतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर, पिझो यांनी मोजलेल्या दाबाला, पाणी ७२ अंशांच्या आसपासच उकळेल. मग पिठलं-भाकरी खाता खाता मुलांना विचारता येईल, की तिथे भात शिजेल का आणि घरचा प्रेशर कुकर नेमके काय करतो.

शिक्षकांसाठी तीन प्रश्न

असे कोणतेही संकेतस्थळ वर्गात दाखवण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, हे चित्र केव्हाचे आहे? खुंबू खोऱ्याची चित्रे मार्च २०१५ मध्ये लोकांसमोर आली आणि २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला. पुमोरीच्या बाजूने कोसळलेल्या हिमलोटाने एव्हरेस्टच्या तळावर वीसच्या आसपास माणसे दगावली, खोऱ्यातली घरे पडली. चित्रात मात्र भूकंपाआधीचेच गाव उभे होते. माँ ब्लाँचा माथा बर्फाचा असल्याने त्याची उंचीही बदलत असते; २०२१ मध्ये ती ४,८०७.८१ मीटर भरली आणि २०२३ मध्ये ४,८०५.५९. ज्या चित्राखाली तारीख नाही त्याला पुरावा म्हणून वापरू नये.

दुसरा, यातले काय मोजलेले आहे आणि काय भरलेले आहे? डोणागिरीचा कडा आठवावा.

तिसरा, याला चूक ठरवता येईल असे काही माझ्या विद्यार्थ्याच्या हातात आहे का? पट्टी, नळी, तापमापक, दोन गच्च्या, काहीही चालेल. तसे काही नसेल तर ते चित्र कौतुकाने पाहावे, पण त्याला विज्ञानाचा तास म्हणू नये.

पुण्याला गिर्यारोहणाची मोठी परंपरा आहे. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ मध्ये गिरिप्रेमीच्या मोहिमेने तिथे पाऊल ठेवले. प्रत्येक मुलाला ते जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. सिकदारांचे काम मात्र प्रत्येक मुलाला जमण्यासारखे आहे. पावसाळा संपून हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली, की त्यासाठी एक सकाळ राखून ठेवा. नोव्हेंबर उजाडला की सकाळचे धुरके गडाला झाकू लागते, तेव्हा हे काम दिवाळीच्या सुट्टीआधी उरकलेले बरे.